ध्वनिविवर्धन, सार्वजनिक : वॉटशक्ती व जुळणी

बोलणाऱ्याचा, गाणाऱ्याचा किंवा वाद्याचा आवाज मोठ्या समुदायास ऐकू जावा म्हणून विद्युतीय साधनांनी तो वाढविण्याच्या क्रियेस सार्वजनिक ध्वनिविवर्धन म्हणतात. या यंत्रणेचे तीन मुख्य घटक असतात. ध्वनीचे विद्युत् संकेतांत रूपांतर करणारा सूक्ष्मध्वनिग्राहक किंवा माइक हा पहिला, त्या दुर्बल संकेतांची शक्ती वाढविणारा विवर्धक म्हणजे अँप्लिफायर हा दुसरा आणि वाढलेल्या विद्युत् शक्तीचे पुन्हा ध्वनीत रूपांतर करणारा ध्वनिक्षेपक म्हणजे लाउडस्पीकर हा तिसरा घटक होय. विवर्धकाची क्षमता वॉट या एककात, ध्वनिक्षेपकाचा विद्युत् प्रवाहास होणारा विरोध, म्हणजे संरोध, ओहम या एककात आणि ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत पोहोचलेल्या ध्वनीची पातळी डेसिबेलमध्ये सांगतात. या तीन मापांचा परस्परसंबंध लक्षात न घेता केवळ वॉटच्या आकड्यावरून यंत्रणेची पारख करण्याची प्रवृत्ती दीर्घकाळ प्रचलित आहे. तिचे परिणाम कलावंत, श्रोते आणि परिसरातील रहिवासी या तिघांनाही भोगावे लागले आहेत.

अहिल्यानगर जिल्ह्यात (ऑक्टोबर २०२४ पर्यंतचे नाव अहमदनगर) या इतिहासाचे सर्व टप्पे एकत्र पाहावयास मिळतात. क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्यात मढी येथील कानिफनाथांची व मोहटे येथील देवीची यात्रा, संगमनेर परिसरातील तमाशाचे फड, गावोगावचे हरिनाम सप्ताह आणि सहकारी संस्थांच्या सभा असे उघड्या मैदानावर भरणारे मेळावे वर्षभर चालू असतात. मोठ्या समुदायापर्यंत शब्द स्पष्टपणे पोहोचविण्याची गरज येथे यंत्र येण्यापूर्वीही होती.

विवर्धनपूर्व काळ : साध्या संभाषणात माणसाच्या मुखातून ध्वनिरूपाने बाहेर पडणारी शक्ती एका वॉटच्या लाखाव्या हिश्श्याच्या आसपास असते. एक मीटर अंतरावर तिची पातळी सु. ६० डेसिबेल भरते. उघड्या जागेत अंतर दुप्पट झाले की ही पातळी ६ डेसिबेलने घटते. त्यामुळे ३२ मीटरवर ती सु. ३० डेसिबेल उरते व मेळाव्याच्या गलबल्यात बुडून जाते. कसलेला गायक किंवा कीर्तनकार एक मीटरवर ९० डेसिबेलच्या घरात आवाज काढू शकतो. त्याचा शब्द ३२ मीटरवर ६० डेसिबेलने, म्हणजे समोरासमोर बोलल्यासारखा, ऐकू येतो. खेड्यातील शांत रात्री काही शेकडा श्रोत्यांना विनायंत्र कार्यक्रम ऐकविता येत असे, त्याचे रहस्य या हिशोबात आहे.

पारंपरिक कलांची रचनाही या मर्यादेशी सुसंगत अशीच आहे. तमाशातील मुख्य गायकाच्या ओळीचा शेवट झीलकरी व सुरत्ये उंच सुरात उचलून धरतात. हलगी व ढोलकी यांचा तीक्ष्ण नाद दूरवर जातो, तर कडे व झांज यांचा ध्वनी उच्च कंप्रतेचा असल्याने गर्दीतही वेगळा ओळखू येतो. कीर्तनात टाळकऱ्यांनी धरलेले ध्रुवपद मागे बसलेल्या श्रोत्यापर्यंत अभंग पोचविते. निरूपणकाराने वाक्य संथपणे उच्चारावे, महत्त्वाचा शब्द पुन्हा सांगावा व मध्ये विराम घ्यावा, ही शैलीही याच गरजेला साजेशी आहे. परंपरेनुसार ज्या नेवासे येथे १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली, ते प्रवराकाठचे क्षेत्र याच जिल्ह्यात आहे. तेव्हापासून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत येथील निरूपणाचे एकमेव साधन मानवी कंठ हेच होते.

तंत्राचा उगम : ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये तीन अग्रांची निर्वात नलिका तयार केली आणि विद्युत् संकेत वाढविण्याचा मार्ग खुला झाला. अमेरिकेत पीटर जेन्सन व एडविन प्रिडहॅम यांनी १९१५ च्या सुमारास कर्णा जोडलेला ध्वनिक्षेपक सिद्ध केला. त्यांच्या यंत्रणेवरून १९ सप्टेंबर १९१९ रोजी सॅन डिएगो येथे राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांचे भाषण फार मोठ्या समुदायास ऐकविण्यात आले. चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये हलत्या वेटोळ्याच्या ध्वनिक्षेपकाची मांडणी प्रसिद्ध केली. चुंबकाच्या फटीत लोंबणारे तारेचे वेटोळे आणि त्याला चिकटविलेला कागदी शंकू ही तिची मूळ कल्पना आजही बहुतेक ध्वनिक्षेपकांत कायम आहे. हॅरॉल्ड ब्लॅक यांनी १९२७ मध्ये शोधलेल्या ऋण पुनःप्रदायाच्या तत्त्वामुळे विवर्धकातील विकृती पुष्कळ कमी करता येऊ लागली. याच दशकात दूरध्वनी अभियंत्यांनी डेसिबेल हे एकक रूढ केले.

भारतात व महाराष्ट्रात प्रसार : मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट १९३२ मध्ये प्रदर्शित झाला. बोलपटामुळे विवर्धित ध्वनी सर्वसामान्य प्रेक्षकाच्या कानावर पडू लागला. पुढे तंबूतील फिरत्या चित्रपटगृहांनी तो यात्रांच्या मैदानांपर्यंत नेला. राजकीय सभांच्या क्षेत्रात मोटवाने कुटुंबाच्या ‘शिकागो रेडिओ’ या नावाने चालणाऱ्या व्यवसायाचे कार्य महत्त्वाचे आहे. या कुटुंबाच्या व्यवसायाचा आरंभ १९०९ मध्ये सिंधमध्ये झाला व नंतर तो मुंबईस आला. राष्ट्रीय चळवळीच्या अधिवेशनांना व सभांना या संस्थेने ध्वनिक्षेपक पुरविले. त्या काळातील नेत्यांच्या अनेक छायाचित्रांत माइकवर तिचे नाव दिसते. दिल्लीतील आहुजा या संस्थेने १९४० पासून या क्षेत्रात पाऊल टाकले. तिच्या विवर्धकांचा व कर्ण्यांचा पुढे ग्रामीण भागात मोठा प्रसार झाला.

खेड्यांतील मुख्य अडचण विजेची होती. महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळाची स्थापना १९६० मध्ये झाली व त्यानंतर ग्रामीण विद्युतीकरणास वेग आला. तोवर निर्वात नलिकांना लागणारा काहीशे व्होल्टचा दाब मोटारीच्या बॅटरीपासून कंपक किंवा फिरते परिवर्तक यांच्या साहाय्याने मिळवावा लागे. बॅटरी उतरली की सभा मुकी होई. या परिस्थितीत वॉट ही जपून वापरावयाची वस्तू होती आणि थोड्या वॉटमध्ये अधिक ध्वनी देणाऱ्या कर्ण्याला पर्याय नव्हता.

निर्वात नलिकेच्या काळातील जुळणी : १९३६ मध्ये बाजारात आलेली ६एल६ ही नलिका व नंतरची ईएल३४ यांसारख्या नलिकांच्या जोडीतून साधारणपणे २५ ते ३५ वॉट शक्ती मिळे. नलिकेला तिच्या प्रदान बाजूस काही हजार ओहमचा भार हवा असतो, तर ध्वनिक्षेपकाच्या वेटोळ्याचा संरोध ४, ८ किंवा १६ ओहम इतकाच असतो. या दोहोंची सांगड घालण्यासाठी विवर्धकात प्रदान रोहित्र बसवीत. त्याच्या मागील बाजूस ४, ८ व १६ ओहम असे वेगवेगळे जोड असत. ध्वनिक्षेपकाच्या संरोधाशी जुळणारा जोड निवडणे, हा ‘जुळणी’ या शब्दाचा मूळ अर्थ होय.

येथे साधे गणित उपयोगी पडे. ८ ओहमचे दोन ध्वनिक्षेपक समांतर जोडले तर एकूण संरोध ४ ओहम होतो. एकामागून एक, म्हणजे एकसरीत, जोडले तर तो १६ ओहम होतो. जोड चुकल्यास शक्ती कमी मिळे व विकृती वाढे. ध्वनिक्षेपक न जोडताच नलिकायुक्त विवर्धक मोठ्या आवाजावर चालविल्यास रोहित्रात फार उच्च दाब निर्माण होऊन ते जळण्याचा संभव असे. म्हणून ‘आधी कर्णा जोडा, मग मशीन चालू करा’ हा या व्यवसायातील पहिला पाठ होता.

शंभर व्होल्टची वाहिनी : यात्रेच्या मैदानावर कर्णे मंचापासून दूर, खांबांवर किंवा झाडांवर बांधावे लागतात. ५० वॉट शक्ती ८ ओहमच्या ध्वनिक्षेपकाकडे सरळ पाठवावयाची तर तारेतून २·५ अँपिअर प्रवाह जातो. जाण्यायेण्याच्या तारेचा रोध २ ओहम असेल, तर तारेतच १२·५ वॉट उष्णतेच्या रूपाने वाया जातात. हीच शक्ती १०० व्होल्ट दाबाने पाठविल्यास प्रवाह केवळ ०·५ अँपिअर लागतो आणि तारेतील हानी अर्ध्या वॉटवर येते. प्रवाह एक पंचमांश झाला की हानी एक पंचविसांश होते. विजेच्या उच्च दाबाच्या वाहिन्यांमागेही हेच तत्त्व आहे. प्रत्येक कर्ण्याशी एक लहान रोहित्र जोडून तेथे दाब पुन्हा उतरविला जातो.

या पद्धतीत जुळणीचा हिशोब ओहमऐवजी वॉटच्या बेरजेने होतो. प्रत्येकी १० वॉटचे दहा कर्णे म्हणजे १०० वॉटचा भार होय. विवर्धकाची क्षमता त्याहून कमी नसावी. किंबहुना पाचवा हिस्सा राखीव ठेवून १०० वॉटच्या विवर्धकावर ८० वॉटपर्यंतच भार घालणे इष्ट असते. या हिशोबासाठी विद्युत् अभियांत्रिकीचे शिक्षण लागत नाही. त्यामुळे गावोगावच्या साधारण शिक्षण घेतलेल्या तरुणांना ध्वनिक्षेपक भाड्याने देण्याचा व्यवसाय करता आला. लग्न, सप्ताह, प्रचारसभा व यात्रा यांवर तो पोसला गेला.

ट्रँझिस्टर व जुळणीचा बदललेला अर्थ : १९४७ च्या अखेरीस अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रँझिस्टरचा शोध लागला. १९६० नंतरच्या दशकात २एन३०५५ सारखे सिलिकॉनचे शक्तिशाली ट्रँझिस्टर उपलब्ध झाले व विवर्धकातील प्रदान रोहित्राची गरज बहुतांशी संपली. यंत्र हलके झाले, १२ व्होल्टच्या बॅटरीवर सरळ चालू लागले व तापण्यासाठी थांबावे लागेनासे झाले.

याबरोबर जुळणीचा अर्थही बदलला. ट्रँझिस्टर विवर्धकाचा अंतर्गत संरोध ओहमच्या अल्प अंशाइतका असतो. तो ध्वनिक्षेपकाच्या संरोधाइतका असावा, अशी अपेक्षा येथे नसते. असा विवर्धक जवळजवळ स्थिर दाब देतो आणि भारानुसार प्रवाह पुरवितो. ८ ओहमवर २० व्होल्ट दाबाने ५० वॉट मिळत असतील, तर तोच दाब टिकल्यास ४ ओहमवर १०० वॉट मिळतील. मात्र प्रवाहही दुप्पट होईल. भार २ ओहमपर्यंत खाली आणल्यास ट्रँझिस्टर अतितप्त होऊन जळण्याचा धोका असतो. म्हणजे नलिकेच्या विवर्धकास मोकळे अग्र घातक, तर ट्रँझिस्टरच्या विवर्धकास अतिभार व लघुपरिपथ घातक. हा भेद न ओळखता जुन्या सवयीने एकाच विवर्धकावर ध्वनिक्षेपक समांतर वाढवीत जाणे, हे यंत्र बिघडण्याचे एक प्रमुख कारण ठरले.

वॉटचे अनेक अर्थ : विद्युत् दाबाच्या वर्गास संरोधाने भागले असता शक्ती मिळते. २० व्होल्ट परिणामी दाब व ८ ओहम यांवरून ५० वॉट ही सरासरी, दीर्घकाळ टिकणारी शक्ती येते. व्यवहारात तिला ‘आरएमएस वॉट’ म्हणतात. हे नाव काटेकोर नाही, कारण वर्गमध्यमूळ दाबाचे व प्रवाहाचे काढतात. त्यांच्या गुणाकाराने मिळणारी शक्ती सरासरीच असते. त्याच ज्यातरंगाच्या शिखरक्षणी शक्ती १०० वॉट होते. विक्रेत्याने हा दुसरा आकडा छापला तर यंत्र न बदलता शक्ती दुप्पट दिसते. ‘पीएमपीओ’ या नावाखाली याहून पुढची मजल गाठली गेली. १९८० व १९९० च्या दशकांत कॅसेट वाजविणाऱ्या लहान यंत्रांवर शेकडो, क्वचित हजारो वॉटचे आकडे झळकत, जरी त्यांच्यातील वीजपुरवठा काही थोड्या वॉटचाच असे. या आकड्यास कोणतीही सर्वमान्य मापनपद्धती नव्हती.

अशा जाहिरातींना आळा घालण्यासाठी अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने १९७४ मध्ये घरगुती विवर्धकांबाबत नियम केला. किती ओहमवर, किती कंप्रतांच्या मर्यादेत व किती विकृतीसह ही शक्ती अखंड मिळते, हे सांगितल्याखेरीज वॉटचा आकडा देऊ नये, हे त्या नियमाचे सार होय. कोणत्याही विवर्धकाची पारख करताना आजही हेच प्रश्न विचारावे लागतात.

ध्वनिक्षेपकावर छापलेल्या वॉटचा अर्थ आणखी वेगळा असतो. तो ध्वनिक्षेपक किती आवाज देईल हे सांगत नाही. त्याचे वेटोळे किती उष्णता सहन करील हे सांगतो. साध्या शंकूच्या ध्वनिक्षेपकात पुरविलेल्या १०० वॉटपैकी सु. एक वॉट किंवा त्याहूनही कमी शक्ती ध्वनीत रूपांतरित होते व उरलेली उष्णता बनते. म्हणून विवर्धकाची अखंड शक्ती ध्वनिक्षेपकाच्या अखंड क्षमतेइतकी असावी, हा सर्वसाधारण नियम आहे. जाणकार चालक दीड ते दुप्पट शक्तीचा विवर्धक संयमाने वापरतात, कारण संगीतातील क्षणिक शिखरांसाठी राखीव शक्ती लागते. याउलट लहान विवर्धक ताणून मोठा आवाज काढण्याचा प्रयत्न केल्यास तरंगांची शिखरे छाटली जातात. छाटलेल्या तरंगाची सरासरी शक्ती मूळ ज्यातरंगाच्या जवळजवळ दुप्पट होऊ शकते व त्यात उच्च कंप्रतांचा भाग वाढतो. त्यामुळे उच्च स्वरांचा नाजूक ध्वनिक्षेपक प्रथम जळतो. कमी वॉटचा विवर्धक नेहमीच सुरक्षित असतो, हा समज यामुळे चुकीचा ठरतो.

वॉट व डेसिबेल : मानवी कानाची संवेदना शक्तीच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. शक्ती दुप्पट केल्यास पातळी ३ डेसिबेलने वाढते आणि हा फरक लक्ष दिले तरच नीट जाणवतो. आवाज दुप्पट मोठा भासण्यासाठी सु. १० डेसिबेलची, म्हणजे दहापट शक्तीची, वाढ लागते. ५० वॉटच्या जागी १०० वॉटचा विवर्धक आणला, तर खर्च वाढतो, पण मैदानाच्या टोकाला बसलेल्या श्रोत्यास फारसा लाभ होत नाही.

खरा फरक ध्वनिक्षेपकाच्या संवेदनशीलतेने पडतो. एक वॉट दिला असता एक मीटरवर मिळणारी डेसिबेल पातळी म्हणजे संवेदनशीलता होय. घरगुती ध्वनिक्षेपकात ती ८५ ते ९० व चांगल्या कर्ण्यात १०५ ते ११० डेसिबेल असते. १०६ डेसिबेलच्या कर्ण्यास ३० वॉट दिल्यास जो ध्वनी त्याच्या समोर मिळतो, तोच ८८ डेसिबेलच्या ध्वनिक्षेपकाकडून मिळविण्यास सु. १,९०० वॉट लागतील. जुन्या कर्ण्यात ढोलकीच्या धुमीसारखे खर्जातील नाद उमटत नसत व आवाज नाकात बोलल्यासारखा येई, हे खरे. पण बोललेला शब्द मात्र थोड्या शक्तीत दूर जाई.

अंतराचा परिणामही असाच विचारात घ्यावा लागतो. मंचाजवळ एकच मोठा संच ठेवल्यास २ मीटरवरील श्रोत्यास ६४ मीटरवरील श्रोत्यापेक्षा ३० डेसिबेल अधिक ध्वनी सोसावा लागतो. मागच्यास ऐकू यावे म्हणून शक्ती वाढवावी, तर पुढच्याचे कान दुखतात. लहान शक्तीचे अनेक कर्णे श्रोत्यांमध्ये विखुरल्यास सर्वांना जवळजवळ सारखे ऐकू येते. गोदावरीकाठच्या सरला बेटाच्या परंपरेतील सप्ताहासारख्या प्रचंड मेळाव्यांत निरूपण सर्वदूर ऐकू जावे, यासाठी हीच पद्धत शास्त्रशुद्ध आहे. तीत दूरचा कर्णा व मंचाकडून येणारा आवाज यांच्यात पडणाऱ्या कालांतराचा विचार करावा लागतो. ध्वनी सेकंदास सु. ३४० मीटर जातो, त्यामुळे ३४ मीटर अंतरास दशांश सेकंद लागतो व शब्द दुहेरी ऐकू येण्याचा संभव असतो. अंकीय यंत्रणेत हा विलंब मोजून भरून काढता येतो.

फडातील बदल : तमाशाच्या इतिहासात ध्वनिविवर्धनाने दुहेरी कार्य केले. जिल्ह्याच्या सीमेला लागून असलेले पुणे जिल्ह्यातील नारायणगाव आणि संगमनेर ही फडांची प्रमुख ठिकाणे होत. तुकाराम खेडकर आणि कांताबाई सातारकर (मृत्यू २०२१) यांच्या नावाने ओळखला गेलेला फड संगमनेरशी निगडित आहे. कनातीत तिकिटावर हजारोंचा प्रेक्षकवर्ग बसविणे, हे फडाचे आर्थिक बळ विवर्धनामुळे वाढले. गळ्यावरील ताण हलका झाला, वगातील हळुवार संवाद शेवटच्या रांगेपर्यंत जाऊ लागले आणि बारीक आवाजाच्या कलावंतासही वाव मिळाला.

दुसऱ्या बाजूस खांबावरील माइकने नाचत गाणाऱ्या कलावंतास एका जागी खिळविले. झीलकऱ्याचे दूर आवाज पोचविण्याचे मूळ प्रयोजन क्षीण झाले. पुढे इलेक्ट्रॉनीय वाद्ये आली व त्यांच्या बरोबरीने गाणे ऐकू जावे म्हणून आणखी विवर्धन आवश्यक ठरले. ध्वनियंत्रणा, जनित्र व ते वाहून नेणारी वाहने हा फडाच्या खर्चाचा कायमचा भाग बनला. दसऱ्यापासून चैत्र-वैशाखातील यात्रांपर्यंत चालणाऱ्या हंगामावरच वर्षभराचा प्रपंच चालविणाऱ्या फडमालकास अनाठायी घेतलेला प्रत्येक वॉट कर्जरूपाने फेडावा लागतो. योग्य जुळणीचे ज्ञान त्याच्या दृष्टीने केवळ तांत्रिक बाब राहत नाही; ते उपजीविकेशी जोडलेले आहे.

‘डॉल्बी’ व ध्वनिप्रदूषण : विसाव्या शतकाच्या अखेरीपासून मिरवणुकांत वाहनांवर रचलेल्या ध्वनिक्षेपकांच्या भिंती दिसू लागल्या. पश्चिम महाराष्ट्रात या भिंतींना ‘डॉल्बी’ हे नाव पडले. वस्तुतः रे डॉल्बी या अमेरिकी अभियंत्याने १९६५ मध्ये लंडन येथे स्थापन केलेल्या प्रयोगशाळेची ख्याती ध्वनिमुद्रणातील अनावश्यक खरखर कमी करण्याच्या पद्धतीमुळे झाली. तत्पूर्वी १९६३ ते १९६५ या काळात ते संयुक्त राष्ट्रांच्या वतीने तांत्रिक सल्लागार म्हणून भारतात होते. गोंगाट घटविणाऱ्याचे नाव गोंगाट वाढविणाऱ्या साधनास मिळावे, हा भाषेतील योगायोग लक्षणीय आहे.

या भिंतींची महती हजारो वॉटच्या आकड्यांनी सांगितली जाते. १०० वॉटवरून १०,००० वॉटवर गेल्यास पातळी २० डेसिबेलने वाढते, म्हणजे आवाज सु. चौपट मोठा भासतो. कानाच्या आतील रोमपेशींवर होणारा आघात मात्र त्यास मिळालेल्या ऊर्जेवर अवलंबून असतो, आणि ती शंभरपट झालेली असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये करमणुकीच्या ठिकाणांसाठी १५ मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबेलची कमाल मर्यादा सुचविली. नष्ट झालेल्या रोमपेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत. म्हणून हे बहिरेपण कायमचे असते. मिरवणुकीत भिंतीलगत नाचणारे तरुण, वादक व यंत्रचालक यांना त्याचा धोका सर्वाधिक असतो. घरातील वृद्ध, रुग्ण व तान्ही मुले यांना तो न मागता सोसावा लागतो.

पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली केंद्र शासनाने २००० मध्ये ध्वनिप्रदूषण नियम जारी केले. त्यांनुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५, व्यापारी क्षेत्रात ६५ व ५५, औद्योगिक क्षेत्रात ७५ व ७० आणि शांतता क्षेत्रात ५० व ४० डेसिबेल (ए) अशी मानके आहेत. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत खुल्या जागी ध्वनिक्षेपकास मनाई आहे. राज्य शासनास सांस्कृतिक वा धार्मिक प्रसंगी वर्षातून अधिकाधिक १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. सार्वजनिक जागेच्या सीमेवर ध्वनिक्षेपकाची पातळी त्या क्षेत्राच्या मानकापेक्षा १० डेसिबेलने अधिक किंवा ७५ डेसिबेल, यांपैकी जी कमी असेल तिच्या आत असावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निर्णयात या निर्बंधांच्या कडक अंमलबजावणीचे निर्देश दिले. मुंबई उच्च न्यायालयानेही २०१६ मध्ये त्यांचा पुनरुच्चार केला.

या नियमांत वॉटचा उल्लेख नाही, हे अर्थपूर्ण आहे. वर सांगितलेल्या १०६ डेसिबेलच्या कर्ण्यास केवळ एक वॉट शक्ती दिली, तरी मोकळ्या मैदानात त्याच्या थेट समोर ३२ मीटर अंतरावर सु. ७६ डेसिबेल पातळी भरते. म्हणजे कायद्याची कमाल मर्यादा त्या अंतरावर एका वॉटमध्येच ओलांडली जाते. निवासी वस्तीत दिवसा सीमेवर ६५ डेसिबेलच चालत असल्याने तेथे एका वॉटचा दशांशही जास्त ठरतो. यावरून कर्ण्याची दिशा, उंची व विखुरणी यांचे महत्त्व स्पष्ट होते. श्रोत्यांकडे वळवून खाली झुकविलेले, अल्प शक्तीचे कर्णे समुदायास शब्द ऐकवितात व वस्तीस त्रास देत नाहीत; त्याच शक्तीचा उंच खांबावर आडवा बांधलेला कर्णा मात्र शेजारच्या गावापर्यंत आवाज नेतो.

समारोप : सु. एका शतकात ध्वनिविवर्धक यंत्रणेची शक्ती काही वॉटवरून हजारो वॉटवर गेली. १९९० नंतर प्रसार पावलेल्या ‘ड’ वर्गाच्या विवर्धकांमुळे, त्यांच्या उच्च कार्यक्षमतेने, लहान व हलक्या पेटीतून ही शक्ती स्वस्तात मिळू लागली. नलिकेच्या काळी शक्ती दुर्मिळ होती, म्हणून जुळणी आवश्यक होती. आता शक्ती विपुल आहे, म्हणून जुळणी अधिकच आवश्यक झाली आहे. यंत्रणा निवडताना प्रथम श्रोता किती दूर आहे व त्याला किती डेसिबेल हवेत हे ठरवावे. त्यावरून संवेदनशीलता पाहून ध्वनिक्षेपक घ्यावा, नंतर संरोध व उष्णता-क्षमता लक्षात घेऊन विवर्धक जुळवावा आणि वॉटचा आकडा सर्वांत शेवटी पाहावा. नेवाशाच्या निरूपणापासून संगमनेरच्या फडापर्यंत या भूमीतील कलांचे प्रयोजन शब्द श्रोत्यापर्यंत पोचविणे हे राहिले आहे. ते साधण्यास किती थोडी शक्ती पुरते, हे या तंत्राच्या इतिहासावरून दिसून येते.